कातळ एक, नावं दोन

प्रश्न असा आहे: अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरचा एक कातळ ऑस्ट्रेलियन नकाशात 'स्कलिन मोनोलिथ' म्हणून येतो. एका जुन्या नॉर्वेजियन संदर्भात त्याच जागी 'क्लारियस मिकेलसन' नावाचा डोंगर आहे. यातलं बरोबर कोणतं, मराठी लेखात कोणतं लिहावं, आणि जिथे माणूसच राहत नाही तिथली नावं ठरवतं तरी कोण?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे. आज दोन्ही नावं बरोबर आहेत, फक्त ती एकाच गोष्टीची राहिलेली नाहीत. अख्ख्या कातळाला स्कलिन मोनोलिथ म्हणतात आणि त्याच्या सर्वांत उंच टोकाला, समुद्रसपाटीपासून सुमारे ४२० मीटरवर, मिकेलसन पीक. नावांची ही वाटणी नंतर कागदावर झाली. मूळ भानगड १९३१ च्या जानेवारी-फेब्रुवारीतली आहे, आणि ती कळायला तेव्हा नकाशे कसे काढत ते थोडं समजून घ्यावं लागेल.

आधी माझी एक फजिती सांगतो. सागरी नकाशांच्या कामात मी नवा होतो. कोकण किनाऱ्यावर भरतीला बुडणाऱ्या दोन खडकांची मोजणी आम्ही केली. जागा चोख घेतली, खोली चोख घेतली, आणि जुन्या कागदावरचं नाव उचलून भलत्याच खडकावर टाकलं. कागद पाहून आमच्या होडीचा तांडेल, म्हणजे नाखवा, हसला. "साहेब, हा नाय तो. तो पलीकडचा. ह्याला आम्ही नावच नाय ठेवलेलं." त्याच्या आज्यापासून ते खडक त्यांच्या तोंडात होते. नाव गावात जिवंत असतं, नकाशावाला ते फक्त विचारून लिहितो. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर विचारायला तांडेल नाही. तिथे जो पहिला येतो, किंवा पहिला आलो असं ज्याला सिद्ध करता येतं, तोच नाव ठेवतो.

आता कातळाकडे येऊ. तो ६७ अंश ४७ मिनिटं दक्षिण, ६६ अंश ४२ मिनिटं पूर्व इथे, मॅक रॉबर्टसन लँड नावाच्या भागात आहे. ऑस्ट्रेलियाचं मॉसन स्थानक त्याच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर. या किनाऱ्याचा बहुतेक भाग म्हणजे समुद्रात तुटून पडणारी बर्फाची भिंत. मैलोन्‌मैल पांढरं, खुणेला काही नाही. त्यात हा चंद्रकोरीसारखा वळलेला काळा कडा थेट पाण्यातून उठतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ज्यांनी पाहिला आहे त्यांनी तो समुद्रात उभा आहे अशी कल्पना करावी. उतार इतका उभा की बर्फ टिकत नाही, म्हणून तो लांबूनच डोळ्यात भरतो. जहाजावरून नकाशा काढणाऱ्याला असा ठिपका म्हणजे देवच भेटला. त्या वर्षी तो दोघांना भेटला.

पहिले होते नॉर्वेचे देवमासे मारणारे. १९३०-३१ च्या हंगामात दक्षिण महासागरात चाळीस हजारांच्या आसपास देवमासे मारले गेले. त्या धुमाळीत सांडेफ्योर या नॉर्वेजियन बंदरातल्या लार्स क्रिस्टेन्सन या मालकाची जहाजं होती. मुख्य जहाजाभोवती छोट्या, वेगवान शिकारी बोटी फिरत. त्यातल्या 'टोर्लिन' बोटीचा कप्तान क्लारियस मिकेलसन. हे लोक देवमाशामागे किनाऱ्यालगत जात आणि दिसेल त्या डोंगराची बाह्यरेषा वहीत काढत. जानेवारी-फेब्रुवारीत अशी बरीच रेखाटनं झाली. त्यात या कड्याला मिकेलसनचं नाव मिळालं, शेजारच्या डोंगराला त्याच्या बोटीचं, टोर्लिन.

दुसरे होते डग्लस मॉसन. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या संयुक्त मोहिमेचे प्रमुख, जहाज 'डिस्कव्हरी'. स्कॉट १९०१ मध्ये दक्षिणेला गेले होते तेच हे जहाज. सोबत एक छोटं जिप्सी मॉथ विमान होतं. १३ फेब्रुवारी १९३१ रोजी त्यांनी हा कातळ नकाशावर घेतला आणि ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान जेम्स स्कलिन यांचं नाव दिलं. पूर्वेला आठेक किलोमीटरवरचा तसाच दुसरा कातळ 'मरी मोनोलिथ' झाला. सर जॉर्ज मरी हे दक्षिण ऑस्ट्रेलियाचे सरन्यायाधीश, मोहिमेचे एक आश्रयदाते आणि ॲडलेड विद्यापीठाचे कुलपती. मॉसन त्याच विद्यापीठात भूशास्त्राचे प्राध्यापक. म्हणजे प्राध्यापकाने आपल्या कुलपतींच्या नावाने डोंगर केला. ज्या प्रदेशात हे दोन्ही कातळ आहेत त्याला नाव आहे मेलबर्नच्या एका चॉकलेट कारखानदाराचं, कारण मॅकफर्सन रॉबर्टसन यांनी मोहिमेला पैसे दिले होते. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतात, तसंच हे. यात मला काही गैर वाटत नाही. फक्त अशी नावं वाचताना ती त्या जागेविषयी काही सांगत नाहीत, मोहिमेच्या हिशेबाच्या वहीविषयी सांगतात, एवढं ध्यानात ठेवावं.

दोघेही तिथे एकाच वेळी का घुटमळत होते? देवमाशांचा धंदा आणि त्यामागून येणारा जमिनीवरचा दावा. १४ जानेवारी १९३० रोजी मॉसन आणि नॉर्वेच्या मोहिमेचे प्रमुख रीसर-लार्सन यांची जहाजं याच समुद्रात समोरासमोर आली होती. बोलणी झाली, आणि नॉर्वेने पश्चिमेकडे काम करावं, मॉसनने पूर्वेकडे, असं साधारण ठरलं. आज ४५ अंश पूर्व रेखांशावर नॉर्वे आणि ऑस्ट्रेलिया यांच्या दाव्यांची सीमा आहे, तिचं मूळ या बोलण्यात सापडतं. पण शिकारी बोटी रेखांश पाहून देवमासे मारत नाहीत. त्या ६६ अंशांपर्यंत पूर्वेला आल्या आणि मॉसनच्या आधी किंवा बरोबरीनेच तोच किनारा वहीत उतरवू लागल्या. त्या काळात नाव देणं हा पुराव्याचा भाग होता. 'आम्ही पाहिलं, मोजलं, नाव दिलं' हे पुढे दाव्याच्या कागदात जायचं.

आता मोजणी. जहाज चालत असतानाच किनाऱ्याचा नकाशा काढायची एक जुनी पद्धत आहे. शिखराची दिशा होकायंत्रावर घ्यायची, वेळ टिपायची, जहाज सरळ रेषेत पाच मैल पुढे न्यायचं, पुन्हा त्याच शिखराची दिशा घ्यायची. पाच मैलांचा पाया आणि दोन कोन, त्रिकोण तयार. ऐकायला छान वाटतं, पण हा पाया जमिनीवर आखलेला नसतो. प्रवाह जहाजाला आडवं ढकलतो आणि हिमनगाला वळसा घालताना सरळ रेषा मोडते. दक्षिण चुंबकीय ध्रुव त्याच खंडाच्या कडेला असल्यामुळे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून भलतीकडे वळलेली असते. त्यात खाली क्षितिजावर बर्फ, त्यामुळे सेक्स्टंट या कोन मोजायच्या उपकरणाने सूर्याची उंची घ्यायला स्वच्छ समुद्ररेषा मिळेलच असं नाही. सूर्यही दिवसेंदिवस ढगाआड.

एक हिशेब करून दाखवतो. रेखांश म्हणजे वेळ. घड्याळ ४ सेकंद चुकलं की रेखांश १ मिनिटाने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने, चुकतो. विषुववृत्तावर हे १ मिनिट म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर. स्कलिनच्या अक्षांशावर रेखांशरेषा जवळ आलेल्या असतात, म्हणून ते सुमारे ७०० मीटर. दर चार सेकंदांना सातशे मीटर. १९३१ पर्यंत बिनतारी संदेशाने वेळ जुळवता येत होती, त्यामुळे घड्याळाचा जाच कमी झाला होता. पण सूर्याची उंची घाईत घेतली, क्षितिज कोनाच्या एका मिनिटाने खालीवर धरलं, की तेवढीच किंवा त्याहून मोठी चूक पुन्हा शिरते. म्हणून त्या काळच्या दोन नकाशांत एकच कातळ काही किलोमीटर इकडेतिकडे दिसला तर लगेच दोन कातळ समजू नयेत. उलटही होतं. दोन वेगळे कातळ एकच समजून बसतात.

आकाशातून फोटो घेतल्यावर हे प्रश्न मिटले, असा एक समज आहे. मिटले नाहीत, त्यांचं रूप बदललं. १९३६-३७ मध्ये क्रिस्टेन्सन स्वतः विमान घेऊन आले. वैमानिक विग्गो विडेरो. किनाऱ्याचे तिरके फोटो निघाले आणि त्यावरून नॉर्वेत नकाशे तयार झाले. तिरक्या फोटोत जवळचं मोठं आणि लांबचं आकसलेलं दिसतं, ते गणिताने सरळ करता येतं. पण तो सरळ केलेला तुकडा पृथ्वीच्या पाठीवर कुठे ठेवायचा, हे फोटो सांगत नाही. त्यासाठी जमिनीवर उतरून, थिओडोलाइट ही कोन मोजायची दुर्बीण रोवून, ताऱ्यांवरून पक्क्या केलेल्या काही जागा लागतात. अमेरिकेच्या नौदलाने १९४६-४७ मध्ये अंटार्क्टिकाचे सुमारे ७०,००० फोटो घेतले आणि मग लक्षात आलं की जमिनीवरचे पक्के बिंदूच नाहीत. पुढच्याच वर्षी ते बिंदू घ्यायला दुसरी मोहीम पाठवावी लागली. आमच्या धंद्यात नवशिक्याला ही गोष्ट आवर्जून सांगतात, आणि तरी प्रत्येक पिढी एकदा तरी ती चूक करतेच.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. नाव आणि जागा या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. लोक नावावरून भांडतात, चूक मात्र बहुधा जागेत असते. स्कलिन की मिकेलसन हे भांडण टेबलावर बसून सुटलं. कातळाला एक नाव, शिखराला दुसरं. किनाऱ्याचीही अशीच वाटणी आहे. मरी मोनोलिथच्या पश्चिमेला मॉसन किनारा, पूर्वेला लार्स क्रिस्टेन्सन किनारा. म्हणजे स्कलिनच्या माथ्यावर नॉर्वेजियन कप्तान, पण तो उभा मॉसनच्या किनाऱ्यावर, आणि आठ किलोमीटरवर त्याच्या मालकाची हद्द सुरू. जागेची चूक कशी असते ते मात्र त्याच कप्तानाच्या घरातून कळतं.

क्लारियस मिकेलसन १९३५ मध्ये 'थोर्सहाव्न' जहाज घेऊन पुन्हा आले, या वेळी आणखी पूर्वेला, प्रिड्झ उपसागराकडे. सोबत पत्नी कॅरोलिन. २० फेब्रुवारी १९३५ रोजी ते किनाऱ्यावर उतरले, झेंडा लावला, दगडांची रास रचून त्यात लाकडी खांब उभा केला. नव्या किनाऱ्याला मालकाच्या पत्नीचं नाव दिलं, इन्ग्रिड क्रिस्टेन्सन किनारा. जवळच्या बर्फहीन टेकड्यांना आपल्या जिल्ह्याचं, वेस्टफोल्ड. एका डोंगराला कॅरोलिनचं. अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर पाय ठेवणारी पहिली स्त्री म्हणून कॅरोलिन यांचं नाव अनेक वर्षं छापलं गेलं.

ती दगडांची रास १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियन तुकडीला सापडली आणि मग पुन्हा हरवली. म्हणजे जागेवरच होती, तिची नोंद कुणाला नीट लावता आली नाही. १९९५ मध्ये ती पुन्हा सापडली आणि जागा पक्की झाली, तेव्हा दिसलं की ती ट्रिने बेटांवर आहे. बेटांवर! मुख्य भूमीवर नाही. 'ट्रिने' म्हणजे नॉर्वेजियन भाषेत जनावराचं नाकाड. बेटांच्या आकारावरून पडलेलं साधं, प्रामाणिक नाव. आज ती रास संरक्षित ऐतिहासिक स्थळांच्या यादीत ७२ व्या क्रमांकावर आहे. त्या नोंदीतले शब्द जपून वापरलेले आहेत: कॅरोलिन या 'पूर्व अंटार्क्टिकावर' पाय ठेवणाऱ्या पहिल्या स्त्री. 'मुख्य भूमी' हा शब्द तिथे नाही. नकाशावाल्याला अशी शब्दांची निवड लगेच कळते.

मग मुख्य भूमीवरची पहिली कोण? उत्तर आपल्याला पुन्हा त्याच कातळाशी आणतं. ३० जानेवारी १९३७ रोजी इन्ग्रिड क्रिस्टेन्सन पतीबरोबर स्कलिन मोनोलिथवर उतरल्या. त्यांची ही दक्षिणेची चौथी सफर होती. त्या मोहिमेत चार स्त्रिया होत्या: इन्ग्रिड, त्यांची मुलगी ऑगस्टा सोफी, लिलेमोर राख्लेव आणि सोल्वेइग विडेरो. म्हणजे कॅरोलिन यांच्या हातून गेलेला मान ज्या कातळावर दुसरीकडे गेला, त्याचं शिखर कॅरोलिन यांच्याच नवऱ्याच्या नावाचं आहे. प्रिड्झ उपसागराच्या तळाशी खोली मोजताना एक उथळ पट्टा सापडला, त्याला या चौघींवरून 'फोर लेडीज बँक' नाव पडलं. जमिनीवर बहुतेक पुरुषांची नावं आणि पाण्याखाली चार बायांची, असं कुणी म्हणेल. पण इन्ग्रिड आणि कॅरोलिन जमिनीवरही आहेत, म्हणून ही कोटी मी करत नाही.

आता 'ठरवतं कोण'. अंटार्क्टिकात नावं ठरवणारी एक सर्वोच्च संस्था नाही. प्रत्येक देशाची आपली समिती असते. ब्रिटनची १९४५ ची, अमेरिकेची १९४७ ची, ऑस्ट्रेलियाची १९५२ ची. नॉर्वेचं काम त्यांची ध्रुवीय संस्था पाहते. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने प्रादेशिक दावे जिथे होते तिथे गोठवले, त्यामुळे नाव दिलं म्हणून आज कुणाला जमीन मिळत नाही. सगळ्या देशांनी मंजूर केलेली नावं एकत्र ठेवणारी एक सूची आहे, ती अंटार्क्टिक संशोधनाची आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती सांभाळते. त्यात वीसहून अधिक देशांची मिळून पस्तीस हजारांहून अधिक नावं आहेत. ठिकाणं त्याहून पुष्कळ कमी, कारण एकाच ठिकाणाची दोन-तीन नावं आहेत. ही सूची निवाडा देत नाही, शेजारी शेजारी लिहून ठेवते. नव्या नावांसाठी एक संकेत आहे: एका देशाने आधी नाव दिलं असेल तर दुसऱ्याने त्यावर नवं चढवू नये. संकेत चांगला आहे. पाळला जातोच असं नाही.

आपला यात संबंध काय, असं विचाराल तर तो आहे, आणि तोही मिकेलसनमार्गेच. १९३५ च्याच फेब्रुवारीत त्यांना इन्ग्रिड क्रिस्टेन्सन किनाऱ्यावर आणखी काही बर्फहीन टेकड्या दिसल्या. त्या लार्सेमन टेकड्या. लार्सेमन म्हणजे घरातल्या छोट्या लार्सचं लाडाचं नाव, आपल्याकडे 'बाळू' म्हणावं तसं. भारताचं भारती स्थानक २०१२ पासून तिथेच उभं आहे. गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून ज्या मोहिमा आखल्या जातात, त्यांतली माणसं दरवर्षी या बाळूच्या टेकड्यांवर उतरतात. तिथली दोन मोठी भूशिरं स्टोर्नेस आणि ब्रोकनेस. 'नेस' म्हणजे भूशिर, 'स्टोर' म्हणजे मोठं. देणगीदार नाही, पंतप्रधान नाही, जे दिसलं ते लिहिलं. मला ही नावं जास्त आवडतात. तांडेलाने अशीच ठेवली असती.

मराठीत कसं लिहावं, याबद्दल माझं मत असं. व्यक्तीचं नाव जसंच्या तसं घ्या, उच्चाराजवळ राहा. पुढचा सामान्य शब्द मराठीत रुळलेला असेल तर मराठी करा: उपसागर, किनारा, टेकड्या, बेटं. 'मोनोलिथ'चं 'एकशिला' करू नका. वाचक ते सूचीत शोधायला गेला तर त्याला काहीच सापडणार नाही. पहिल्यांदा 'स्कलिन मोनोलिथ हा कातळ' म्हणा, पुढे नुसतं 'कातळ' चालेल. 'स्टोर्नेस भूशिर' म्हटलं तर द्विरुक्ती होते हे खरं, पण 'सह्याद्री पर्वत' म्हणताना आपण 'अद्रि' म्हणजेच पर्वत हे विसरतोच की. चालतं.

आणि नावापेक्षा जास्त काळजी जागेची घ्या. अक्षांश-रेखांश द्या, ते कोणत्या वर्षाच्या नकाशावरून घेतले ते द्या, जमल्यास सूचीतला त्या ठिकाणाचा क्रमांकही द्या. १९३० च्या दशकातले आकडे आजच्या उपग्रह नकाशावर तसेच टाकले तर कातळ समुद्रात पडेल किंवा बर्फावर चढेल. हे नुसतं शास्त्रापुरतं नाही. स्कलिन आणि मरी हे दोन्ही कातळ २००५ पासून विशेष संरक्षित क्षेत्र आहेत. अंटार्क्टिक पेट्रेल या पक्ष्याच्या दीड लाखांहून अधिक जोड्या त्या कड्यांच्या कपारींत घरटी करतात आणि पायथ्याशी ॲडेली पेंग्विनच्या हजारो जोड्या असतात. परवान्याशिवाय तिथे उतरता येत नाही, आणि हेलिकॉप्टरने किती लांबून जावं याचेही नियम आहेत. ते अंतर वैमानिक नकाशावरच्या रेषेपासून मोजतो.

तुमच्याकडच्या नॉर्वेजियन संदर्भात नकाशा असेल तर त्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सर्वेक्षणाचं वर्ष असेल. ते १९३१ असेल तर तो बोटीवरून काढलेल्या रेखाटनाचा नकाशा, आणि तिथे 'क्लारियस मिकेलसन' म्हणजे अख्खा कातळ. नंतरचा नकाशा असेल तर बहुधा फक्त शिखर. लेखात त्याप्रमाणे लिहा.